शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी

नवा नळ बसवला की पाणी जोरात यावं, ही अपेक्षा रास्त आहे. निपाणीत नळकाम करताना मी मात्र बऱ्याचदा उलटं पाहतो. जुना पितळी नळ काढून ओट्यावर उंच मानेचा नवा मिक्सर लावला, फिरवला, आणि करंगळीएवढी धार. मग आतून आवाज येतो, "अण्णा, मोटर लावून टाका की." ही मोटर म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा पंप नव्हे. रस्त्याखालच्या सार्वजनिक लाईनला थेट जोडून पाणी ओढायची मोटर. माझ्या गळ्यात माळ आहे. चोरी कशाला म्हणायची, हा प्रश्न इतरांना कीर्तनात भेटत असेल, मला तो पाना हातात असताना भेटतो.

अशा वेळी मी आधी घरातले बाकीचे नळ सोडून बघतो. न्हाणीत धार चांगली आणि ओट्यावरच बारीक असेल, तर दोष लाईनचा नाही, ओट्याजवळचाच आहे. नळाच्या तोंडाची जाळी सोडवायची. तिच्यात वाळूचे कण, पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा चुरा, टेफलॉन टेपच्या चिंध्या सापडतात. जाळी काढून पाणी थोडा वेळ मोकळं वाहू द्यायचं. तरी धार बारीकच राहिली तर ओट्याखाली वाकून अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, जोडपाइप भिंतीशी दुमडलाय का, ते बघायचं. थंड पाणी नीट येतं आणि गरमच बारीक येतं, तर कचरा त्या बाजूच्या पाइपात किंवा आतल्या कार्ट्रिजमध्ये. जाळीवर पांढरा थर बसला असेल तर ती व्हिनेगरमध्ये भिजत ठेवायची.

कधी सगळं स्वच्छ असूनही धार वाढत नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. टाकी नळाच्या वर तीनच मीटर असेल तर जेमतेम 0.3 बार. नव्या पद्धतीचे बरेच मिक्सर एक बारच्या आसपासचा दाब धरून बनवलेले असतात. अशा घरी मी कमी दाबावर चालणारा नळ सुचवतो. स्वतःच्या टाकीवर छोटा पंप बसवायलाही माझी ना नाही. टाकीत आलेलं पाणी आपल्या वाट्याचं आहे, ते जोरात घेतलं म्हणून कुणाचं काही जात नाही.

रस्त्याच्या लाईनवरची मोटर ही वेगळी गोष्ट आहे. वेदगंगेचं पाणी जवाहर तलावात येतं, तिथून गावात फिरतं आणि आमच्या गल्लीत ठरावीक वेळच सुटतं. तेवढ्या वेळात एकाने ओढलं की पुढच्या घराचा नळ नुसता फुसफुसतो. शिवाय मोटरच्या ओढीने पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, तर गटाराजवळच्या फुटक्या जोडातून घाण आत खेचली जाते. ती आपल्याही घागरीत येते.

"पाणीपट्टी भरतो, मग चोरी कसली?" असं मला विचारतात. पट्टी आपण आपल्या वाट्याची भरतो, शेजाऱ्याच्या वाट्याची नव्हे. पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, तिसरं सांगितलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेल्यातून परत काही न देता एकट्याने भोगणाऱ्याला चोरच म्हटलं आहे. तिथे कुलूप फोडण्याची अट नाही. पाइप जमिनीखाली आहे आणि कुणाचं ओढलं ते दिसत नाही, एवढ्याने पाप हलकं होतं असं मला वाटत नाही. उलट ज्याचं गेलं त्याला कुणावर बोट ठेवावं तेही कळत नाही, म्हणून मला ते जड वाटतं.

एक अवघड घर मात्र उरतं. चढावरचं, लाईनच्या शेवटचं, जिथे मोटरशिवाय घागरही भरत नाही. तिथल्या बाईला काय सांगायचं? महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माची चर्चा आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने कासावीस झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरतो, आणि धर्माची आठवण त्याला तो चांडाळच करून देतो. आधी जगलं पाहिजे, धर्म मग आचरता येईल, असं विश्वामित्राचं म्हणणं. मला ते पटतं. पिण्याची घागर भरेपर्यंत ओढणाऱ्या त्या बाईला मी चोर म्हणणार नाही. पण ओट्यावरच्या मिक्सरला रुंद धार हवी, ही आपत्ती नव्हे. विश्वामित्राची सवलत तिथे मागता येत नाही.

चढावरच्या त्या बाईला न्याय मिळायचा तर नुसत्या उपदेशाने भागणार नाही, हेही खरं. बेळगावच्या काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. नळाला दिवसरात्र दाब असेल तर मोटर लावण्याचं कारणच उरत नाही. माणसाला पापात ढकलणारी व्यवस्था दुरुस्त करणं हेही धर्माचंच काम आहे. पाणी कुणाच्या वाट्याचं, हा प्रश्न जुनाच आहे. आमच्या निपाणीत एप्रिल 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेला आले होते. पुढे दोन वर्षांच्या आत, 20 मार्च 1927 ला, त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ज्यांना पाणवठ्यावर पायही ठेवू दिला जात नव्हता, त्यांची नातवंडं आज त्याच लाईनच्या शेवटी राहत असतील, तर मोटरने आपण काय ओढतो याचा विचार करायला हवा.

म्हणून लाईनवर मोटर जोडायचं काम मी घेत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या मिस्त्रीकडे जातं, जाऊ दे. तुमच्या घरी नवा नळ बारीक चालत असेल तर आधी जाळी सोडवून धुवा, अँगल कॉक बघा, टाकीची उंची मोजा. आणि रस्त्याच्या लाईनवर मोटर असेल, तर पुढचं पाणी सुटायच्या आत ती काढून टाका.