खूण कोणी करायची?

बडोद्याच्या दांडिया बाजारात एखादा जुना वाडा पाडायचं ठरलं की बांधकामवाल्याच्याही आधी लाकूडवाला दारात हजर होतो. विटा, फरशा, लोखंडी गज यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. कडीपाटाच्या कड्या मोजतो, तुळयांची लांबी पावलांनी मापतो, सुरूच्या खांबावर कोपऱ्यात नख ओढतो आणि आतला तेलकट तांबूस रंग दिसला की ‘वलसाडी आहे’ एवढंच बोलून भाव सांगतो. दीडशे वर्षं छत पेललेलं ते लाकूड रंधा मारून पुन्हा दारं-खिडक्या व्हायला तयार असतं.

हा साग वलसाडचा नव्हे. वलसाडच्या बंदरातून तो बाहेर जाई म्हणून त्याला ते नाव पडलं. तो वाढला डांगात, सह्याद्रीच्या उतारावर, भिल, कुणबी, वारली, गामीत यांच्या गावांभोवती. बडोद्याच्या मराठी माणसांनी हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपलं या शहरातलं बस्तानच जंगलाच्या वाटेने बसलं आहे. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगडचा किल्ला घेतला तो मेवासी भिलांकडून. गायकवाडांचं पहिलं ठाणं तिथे होतं. पुढे पाटण आणि मग बडोदं. सोनगड-व्यारा हा वनपट्टा शेवटपर्यंत बडोदा संस्थानात राहिला. १९१३ च्या सुमारास गायकवाडांनी बिलिमोऱ्यापासून वघईपर्यंत ६३ किलोमीटरची नॅरोगेज नेली. आज ती हौशी प्रवाशांची गाडी आहे. घातली तेव्हा तिचं मुख्य काम डांगचा साग खाली आणण्याचं होतं.

इंग्रज त्याआधीच डांगात पोचले होते. १८४२ मध्ये त्यांनी तिथल्या भिल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. सालाना काही रक्कम राजांना, साग कंपनी सरकारला. त्या व्यवहाराची शेपटी अजून शिल्लक आहे: होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि पाच राजांच्या वारसांना समारंभाने तनखा दिला जातो. छायाचित्रं छापून येतात, मंत्री फेटे बांधतात. आपल्याच डोंगरातलं कोणतं झाड पडेल आणि कोणतं राहील हे सांगण्याचा अधिकार एका वार्षिक रकमेच्या बदल्यात दुसऱ्याच्या हाती गेला, तो दिवस या समारंभामागे आहे. त्याचा उल्लेख तिथल्या भाषणांत मी कधी ऐकला नाही.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की जंगल टिकवून वापरण्याचा प्रश्न त्या अधिकाराचा आहे. मजुरी किती, नफ्यात वाटा किती, ‘सहभाग’ किती, हे प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. तोडायच्या झाडावर खूण कोण करतं, हा पहिला.

वनखात्याच्या शास्त्राला मी नावं ठेवणार नाही. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. वर्षाला जेवढं वाढतं तेवढंच तोडावं, हा हिशेब त्यांनी इथे आणला. जंगलाचे भाग पाडायचे, एकेका भागाला कूप म्हणायचं, दरवर्षी ठरलेलाच कूप तोडायचा आणि बाकीचे वाढू द्यायचे, ही पद्धत रेल्वेच्या स्लीपरांसाठी बेबंद चाललेल्या तोडीपेक्षा शतपटीने बरी होती. पण या वहीत फक्त लाकूड मांडलं गेलं. गुरांचा चारा, मोहाची फुलं, टोपलीचा बांबू, डिंक, कंद, औषधी मुळ्या यांचा त्यात रकाना नव्हता; असला तर ‘सवलत’ म्हणून, आणि सवलत कधीही मागे घेता येते. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी तिथे राहणारा माणूसच राखीव जंगलातला घुसखोर ठरला.

महात्मा फुल्यांना हे तेव्हाच दिसलं होतं. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्यावर जी टीका केली, तिचं कारण हेच: गायरानं, डोंगर, दऱ्या सरकारने गिळल्या आणि शेतकऱ्याच्या शेळीलाही चरायला जागा उरली नाही. त्या ग्रंथाचं वाचन बडोद्यात तरुण सयाजीरावांपुढे झालं होतं. पुढे याच महाराजांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह-शाळा काढली. त्या काळी ही मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण शाळा मिळाली आणि जंगल मात्र खात्याचंच राहिलं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर एक खरा प्रयत्न झाला, आणि तो आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. १९४५ ते ४७ या काळात ठाणे जिल्ह्यातले वारली उठले. गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या. लढा वेठबिगारीविरुद्ध होता, तसाच गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठीही होता. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने त्यानंतर ठेकेदाराला दूर करून कूप आदिवासींच्या सहकारी संस्थांना द्यायला सुरुवात केली. जंगल कामगार सोसायट्या ठाण्यापासून डांगापर्यंत पसरल्या. नफ्याचा हिस्सा सभासदांना, काही भाग विहिरी-शाळांना. ठेकेदाराच्या पायी पिढ्यान्‌पिढ्या नागवल्या गेलेल्या माणसाला प्रथमच हिशेबाची वही पाहायला मिळाली.

तरी एक गोष्ट बदलली नाही. कूप खातं आखायचं, झाडावर हातोड्याची छाप खातं मारायचं, सोसायटीचा सभासद छाप असलेलं झाड पाडायचा. चाळीस वर्षं कुऱ्हाड चालवूनही त्या गावाला ‘या नाल्याकाठचं राहू द्या, इथून पाणी येतं’ असं म्हणायचा हक्क नव्हता. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९८८ चं वनधोरण आलं, तोडी कमी झाल्या. काम आटलं तशा सोसायट्याही पोकळ होत गेल्या. जिथे भागीदारी म्हणजे काम, तिथे काम संपलं की भागीदारीही संपते.

१९९० च्या केंद्रीय परिपत्रकानंतर आलेलं संयुक्त वनव्यवस्थापन याच वाटेने गेलं. समिती गावाची, सचिव बहुतेक ठिकाणी खात्याचा. ओसाड टेकड्या गावांनी राखल्या, झाडं वर आली, हे खरंच आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण परिपत्रकाने दिलेलं परिपत्रकाने जातं.

हे चित्र कायद्यात बदललं ते २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. ही देणगी नव्हे. कायद्याच्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं काम मराठी वाचकाला ठाऊक आहे. हक्क मिळाला, बांबू उभा होता, पण वाहतूक परवाना द्यायला खातं तयार नव्हतं. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज होता. १९२७ च्या वन कायद्यात तो झाडच होता, आणि झाड म्हटलं की खात्याचं. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघायला २०१७ उजाडलं.

त्याच बांबूची आधीची किंमतही सांगायला हवी. कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला तो टनाला दीड रुपया दराने दिला जात असे. माधव गाडगीळांनी हे पुन्हा पुन्हा लिहिलं. बाजारात बुरूड मात्र त्याच्या कितीतरी पट मोजत होता. एवढ्या स्वस्त मालाची काळजी कोण घेईल? गिरणीच्या मजुरांनी बेटं बुंध्यापासून साफ केली. गडचिरोली, चंद्रपूर आणि आमच्या दक्षिण गुजरातेतही बांबू आधी गिरणीकडे गेला.

बांबूचं बेट समोर ठेवून पाहिलं की खूण करणाऱ्याचं महत्त्व लख्ख कळतं. मानवेल बांबूच्या बेटात यंदाचे कोंब असतात, गेल्या वर्षीचे असतात, आणि मध्यभागी जुने, पिवळट, शेवाळलेले असतात. कोंबांना अन्न आणि आधार मिळतो तो आधीच्या एक-दोन वर्षांच्या बांबूंकडून. म्हणून जुने काढायचे, कोवळे ठेवायचे, आणि पुन्हा त्या बेटाकडे तीनेक वर्षांनी यायचं. अडचण अशी की जुने बांबू गर्दीच्या मध्यात असतात आणि कोवळे कडेला, हाताशी. टनावर मजुरी मिळणारा माणूस कडेचे कापतो. परत त्याच बेटाकडे येणारा माणूस काट्याकुट्यांतून आत शिरतो. पुस्तकातला नियम दोघांसाठी एकच. पाळतो तो दुसरा.

सोनगड-व्यारा भागातले कोटवाळिया हे बांबूवर जगणारे लोक. गुजरातेत ते आदिम जमातींत मोडतात. त्यांच्या अंगणात बसलं की निवडीची बारकाई दिसते. सुपासाठी एक-दोन पावसाळे पाहिलेला बांबू लागतो. कोवळा घेतला तर वाळल्यावर आक्रसतो नि कीड लागते. जून झाला की कामटी वाकताना तुटते. पायाच्या अंगठ्यात पट्टी धरून कोयत्याने तिचे पदर सोलत जाणारी एक मावशी मला म्हणाली, ‘कापायचा तर अंधाऱ्या पाखात, नाहीतर भुंगा खातो.’ गिरणीला यातलं काहीच लागत नाही. तिथे सगळ्याचा लगदा होतो. बडोद्याच्या बाजारातलं सूप आणि कार्यालयातला कागद, दोन्ही एकाच बेटातून येऊ शकतात, पण त्या बेटाची वही कोणाकडे आहे यावर बेट पुढच्या वर्षी दिसेल की नाही हे ठरतं.

चंद्रपूरजवळच्या पाचगावने तर हक्क हाती येताच तेंदूपान तोडणंच थांबवलं. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, फळ धरत नाही. आम्ही बांबूवर भागवू, असं ग्रामसभेने ठरवलं. तेंदूचा पैसा रोख आणि लवकर मिळणारा. तो सोडण्याचा निर्णय कोणत्याही खात्याने गावावर लादला असता तर बंड झालं असतं. गावाने स्वतः घेतला म्हणून टिकला.

‘हक्क दिले की जंगल संपेल’ असं म्हणणाऱ्यांची भीती सरसकट खोटी नाही. कायद्याने जमिनीच्या ताब्यासाठी धरलेल्या १३ डिसेंबर २००५ या मुदतीच्या आसपास आणि नंतरही काही ठिकाणी प्लॉटच्या आशेने झाडं पडली आहेत. ग्रामसभेतही दादागिरी असते, बायका मागे बसतात, आणि तेंदूचे व्यापारी ग्रामसभांचे पैसे बुडवतात असं गडचिरोलीतच घडलं आहे. पण प्लॉट हा वैयक्तिक दावा. अनेक राज्यांनी वैयक्तिक पट्टे वाटले आणि सामूहिक हक्क अडवून ठेवले. एकेकट्या कुटुंबाला तुकडा द्यायचा आणि सगळ्या गावाला मिळून जंगल द्यायचं नाही, यातूनच ती भीती खरी ठरते.

दूरचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते बांबूचं नसून थेट लाकडाचं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मेनॉमिनी लोकांकडे सुमारे २,३५,००० एकर जंगल आहे, १८५४ च्या करारापासून. तेव्हापासून त्यांनी दोन अब्ज बोर्डफुटांहून जास्त लाकूड तोडलं, पुढे ते स्वतःच्या गिरणीत कापलं, आणि आज उभं असलेलं लाकूड सुरुवातीपेक्षा अधिक आहे. मधल्या काळात सरकारने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. १९७३ मध्ये त्यांनी ती परत मिळवली. ब्रँडिससाहेबांचा हिशेब तिथे तंतोतंत पाळला जातो. फरक इतकाच की तो करणारे तिथेच राहतात.

आता आपल्याकडे. नर्मदा जिल्ह्यात शूलपाणेश्वर अभयारण्याच्या परिसरात आर्च-वाहिनी या संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर गावांनी जीपीएस हातात घेऊन हद्दी चालून काढल्या, उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली. वनहक्काचे हजारो दावे फेटाळले गेले होते. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ते पुन्हा तपासायला लावले. सामूहिक हक्क मिळालेल्या तिथल्या काही गावांनी स्वतः बांबू तोडून कागद गिरणीला स्वतःच्या भावाने विकला आहे. केवडियाला पुतळा पाहायला जाणाऱ्या बडोदेकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

राहिला साग. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेली मालकी गौण वनोपजाची. इमारती लाकूड त्यात नाही. म्हणजे ज्या लाकडासाठी १८४२ चा पट्टा झाला, रेल्वे आली, वारली लढले, ते अजून बाहेरच आहे. हा दरवाजा उघडायला नवा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला आहे आणि खात्याची कार्य आयोजना त्याच जंगलाची आहे; दोन्ही एकत्र बसून लिहिता येतात. डांग हा सगळा जिल्हा पाचव्या अनुसूचीत आहे. तिथल्या एखाद्या वनपरिक्षेत्रात सागाच्या विरळणीचा एकच कूप घ्यावा. आखणीच्या आधी ग्रामसभा व्हावी, कोणती झाडं ठेवायची ते तिने सांगावं, खूण करताना वनरक्षकाबरोबर गावचे दोघे-तिघे, त्यात किमान एक बाई असावी, आणि लाकडाचं उत्पन्न गावाच्या खात्यात जमा व्हावं. लाकूड घेणारे आम्ही आहोतच. दांडिया बाजारातल्या ज्या वाड्यांची डागडुजी अजून शक्य आहे, त्यांना वर्षाला थोड्याच तुळया लागतात. त्या विकत घेताना लाकूडवाल्याकडे ग्रामसभेच्या शिक्क्याचा परवाना मागायचा, आणि तो नसेल तर थांबायचं, इतकं आमच्या हातात आजही आहे.