भाकणूक, अनुमान आणि बाजाराची घसरण

बाजार कधी पडेल आणि पडल्यावर कधी सावरेल, हा प्रश्न वरवर पैशाचा वाटला तरी मुळात ज्ञानाचा आहे. जे अजून घडलेले नाही, त्याविषयी ‘हे असेच होणार’ असे म्हणण्याचा अधिकार कशाच्या बळावर मिळतो? सोलापुरात हा प्रश्न दर संक्रांतीला चारचौघांत मांडला जातो. सिद्धेश्वर यात्रेत होमप्रदीपन झाले की त्याच रात्री भाकणूक होते. देशमुखांचे वासरू दिवसभर उपाशी ठेवलेले असते. त्याच्यापुढे धान्य, गाजर, बोरे, खोबरे, पान-सुपारी असे जिन्नस मांडले जातात. ते कशाला तोंड लावते, काय नुसते हुंगते, मूत्रविसर्जन करते का, बिथरते की शांत उभे राहते, यावरून हिरेहब्बू मानकरी वर्षाचे पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात.

यात एक विसंगती आहे. ही यात्रा ज्यांची, ते सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शरण, म्हणजे लिंगायत संत. शरणांचा भर कायक (प्रामाणिक श्रम) आणि दासोह (अर्पणभावाने सेवा) यांवर होता आणि शकुन-मुहूर्ताला त्यांच्या विचारात फारसे स्थान नव्हते. त्यांच्याच यात्रेत शकुन पाहिला जातो. लोकाचार तत्त्वज्ञानाची परवानगी घेत बसत नाही, एवढेच यावरून म्हणता येईल. भाकणुकीच्या बाजूने मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी: तिला वर्षभराची मुदत असते. पुढच्या संक्रांतीपर्यंत ती खरी ठरते किंवा खोटी.

शकुन आणि अनुमान यांत भारतीय दर्शनांनी स्पष्ट फरक केला आहे. न्यायदर्शनात अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या नियत साहचर्यावर, उभे असते. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतले दोन पावसाच्याच उदाहरणाने समजावले जातात. दाटलेले ढग पाहून पाऊस येणार हे ओळखणे म्हणजे पूर्ववत्. नदीचा पूर पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असे जाणणे म्हणजे शेषवत्. चार्वाकांना व्याप्तीच मान्य नव्हती. आजवर जे सोबत दिसले ते उद्याही सोबतच दिसेल याची हमी कोणाची, हा त्यांचा आक्षेप शेअर बाजाराइतका दुसरीकडे क्वचितच लागू पडत असेल.

सेमीकंडक्टर चिप बनवणारी यंत्रे विकणाऱ्या कंपन्या या चर्चेसाठी उत्तम नमुना आहेत, कारण इथे ढग डोळ्यांना दिसतात. नेदरलँड्सची एएसएमएल, अमेरिकेच्या अप्लाइड मटेरियल्स आणि लॅम रिसर्च, जपानची टोकियो इलेक्ट्रॉन ही त्यांतली मोठी नावे. त्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे तैवानची टीएसएमसी, सॅमसंग, इंटेल असे मोजकेच. चिपची मागणी थोडी मंदावली तरी कारखान्यातली जुनी यंत्रे पुरून उरतात आणि नव्या यंत्रांच्या ऑर्डरी मात्र एकदम आटतात. मागणी फिरली की त्याच वेगाने उलटे होते. म्हणून चिपच्या धंद्यात हेलकावा असला तर यंत्रांच्या धंद्यात झोका असतो. ऑर्डर बुक पाहून पुढच्या विक्रीचा अंदाज बांधणे हे पूर्ववत् अनुमानच आहे आणि ते बऱ्याचदा बरोबरही येते.

अडचण पुढे येते. विक्रीचा अंदाज आणि शेअरच्या भावाचा अंदाज ही एकच गोष्ट नाही. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी एएसएमएलचे तिमाही आकडे चुकून एक दिवस आधी प्रसिद्ध झाले. ऑर्डरी सुमारे २.६ अब्ज युरोच्या होत्या, अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. शेअर त्याच दिवशी सुमारे १६ टक्के कोसळला. उद्याची बातमी आज हाती आली, तर घसरणही आजच आली. पावसाचा अंदाज ऐकून ढग वागणूक बदलत नाहीत. बाजार बदलतो, कारण ज्यांच्याविषयी भाकीत करायचे तेच ते ऐकत असतात. अमुक तारखेला बाजार पडणार यावर सर्वांचा विश्वास बसला, तर विक्री आदल्या दिवशीच सुरू होईल आणि ती तारीख चुकेल. घसरणीची तारीख सांगणाऱ्यांपैकी काही जण दर वेळी बरोबर येतात, ते सांगणारे पुष्कळ असतात म्हणून.

सावरण्याविषयीचे अनुमान अधिक भक्कम वाटते. चिप-उद्योगातील शेअरांचा फिलाडेल्फिया सेमीकंडक्टर निर्देशांक २०२२ मध्ये सुमारे ३६ टक्के घसरला आणि २०२३ मध्ये सुमारे ६५ टक्के वाढला. आकडा डोळे दिपवतो; हिशेब केला तर दोन वर्षांची कमाई जेमतेम ५-६ टक्के. याच निर्देशांकाला मार्च २००० चा उच्चांक ओलांडायला २०१८ उजाडावे लागले. नैयायिक अशा ठिकाणी ‘उपाधी’, म्हणजे न सांगितलेली अट, शोधतात: आग असली की धूर असतोच असे नाही, इंधन ओले असावे लागते. पडले की वर येतेच, यालाही उपाधी आहे. कंपनी मंदीत तगली पाहिजे, तिचे तंत्र मागे पडता कामा नये आणि भागधारकाला तेवढी वर्षे थांबता आले पाहिजे.

ही उपाधी गळाली की काय होते, ते सोलापूरने पाहिले आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘जुनी मिल’ आणि नंतरची लक्ष्मी-विष्णू या कापडगिरण्या विसावे शतक संपण्याआधी बंद पडल्या. कापडाची गरज संपली नव्हती. चादर आणि टॉवेल यंत्रमागावर विणले जात राहिले, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. धंदा टिकला, पण तेजीत मिलचे शेअर धरून बसलेल्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. ‘कधीतरी सावरेल’ या विधानाला मुदत नसते. कोणतीही घसरण त्याला खोटे पाडू शकत नाही आणि नेमक्या याच कारणाने ते अनुमानाच्या पंक्तीत बसत नाही. त्याची जागा श्रद्धेत आहे. श्रद्धा ठेवण्यात गैर काही नाही, पण तिच्या भरवशावर उसन्या पैशाने शेअर घेतले तर कर्जाच्या हप्त्याला मात्र मुदत असते.