पंपाची लाज, पुडीचा मान

दमेकऱ्याला सल्ला देणाऱ्यांची आपल्या बालाघाटात वाण नाही. कोणी कोजागरीची औषधी खीर खायला सांगतो, कोणी मृग लागताच हैदराबादला जाऊन जिवंत मरळ गिळायला. हे सारं चारचौघांत, अभिमानाने. पंप मात्र पदराआड ओढायचा. मुलीला पाहायला पाहुणे आले की तो कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

लाज कशाची? दम्यात श्वासनलिका आतून सुजते आणि आवळते. ही सूज उतरवणारं, पंपाने श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हाच उपचाराचा पाया. मोठ्या आणि किशोरवयीन रोग्यांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, असं ‘जिना’ या जागतिक संस्थेने २०१९ मध्येच बजावलं. ते नळी मोकळी करतं. सूज तशीच राहते.

‘पंप ही शेवटची पायरी, त्यापेक्षा गोळी बरी,’ असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाचे दोन फवारे मिळून ०.२ मिलिग्रॅम. गोळीत वीसपट औषध, तेही रक्तावाटे अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे. राहिली पंपाची सवय लागण्याची भीती. पंप सोडल्यावर त्रास परततो, कारण आजार गेलेला नसतो. चष्मा काढला की धूसर दिसतं. त्याला कोणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही.

‘पण खिरीने अमक्याला गुण आला!’ दमा मुळातच चढता-उतरता. आपोआप उतरला तर श्रेय खिरीचं. चढला तर रोग्यानेच पथ्य मोडलं. काहीही झालं तरी जो उपाय खराच ठरतो, त्याची परीक्षा झालेलीच नसते. बिननावाच्या पुडीने झटपट आराम पडला, तर अधिक सावध व्हा. अशा पुड्यांत चोरून मिसळलेलं स्टेरॉइड अनेकदा सापडलं आहे. ज्याच्या धास्तीने पंप नाकारला, तेच पोटात जातं, आणि बेहिशेबी.

श्रद्धा असेल तर खीर खुशाल खा. पंप सोडू नका. डॉक्टरांनीही चिठ्ठी लिहून हात झटकू नयेत. फवारा ओढायचा कसा, दम किती रोखायचा, नंतर चूळ का भरायची, हे रोग्याकडून समोर करून घ्यावं. आणि सरकारी दवाखान्यात पंप बारमाही मिळावा, यासाठी नागरिक म्हणून आपण भांडलं पाहिजे.

दमा लपवून जमवलेलं लग्न मुलीला सासरी औषधाविना घुसमटायला लावतं. ज्या घराला तिचा पंप खपत नाही, त्या घरी तिला देऊच नये.