कोमेजलेले होतकरू : दोष कोणाचा?



जत्रेतल्या कबड्डीत चौदा वर्षांचे एखादे पोर थोरांना भारी ठरते आणि सारे गाव म्हणते, "हा नाव काढणार." दहा वर्षांनी तेच गाव त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते, "वाया गेला." बारामती-इंदापूरकडे ही दोन्ही वाक्ये तुम्ही ऐकली असतील, कदाचित उच्चारलीही असतील. तेव्हा विचारावेसे वाटते, वाया गेला म्हणजे त्याने कोणाचे काय बुडवले? लहानपणी अंगी दिसलेला गुण हे त्याने गावाला लिहून दिलेले वचन होते काय?

आपल्याकडे फुटबॉल फारसा नाही. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट हेच आपले खेळ. पण या प्रश्नाचे सर्वात बोलके उदाहरण फुटबॉलचे आहे. फ्रेडी अडू हा घानामध्ये १९८९ साली जन्मलेला मुलगा. कुटुंब अमेरिकेत गेले. तो तेरा वर्षांचा असताना बुटांच्या एका कंपनीने त्याच्याशी दहा लाख डॉलरचा करार केला आणि एप्रिल २००४ मध्ये तो व्यावसायिक सामन्यात उतरला. त्याला दुसरा पेले म्हटले गेले. पुढे पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील, सर्बिया, फिनलंड आणि स्वीडन इतक्या देशांतले संघ तो फिरला आणि कोठेच स्थिरावला नाही. आता त्याचे नाव निघते ते फसलेल्या अपेक्षांचा दाखला म्हणून. तरीही हा माणूस अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून सतरा सामने खेळला आहे. आपल्या तालुक्यातला एखादा तरुण देशासाठी एक सामना खेळला तर आपण वेशीवर कमान उभारू!

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण विनोद कांबळी यांचे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. पुढे १९९३ साली कांबळींनी लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा काढल्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते शेवटची कसोटी खेळले. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४. आता मला सांगा, पलीकडच्या टोकाला तेंडुलकर नसते, तर चोपन्नच्या सरासरीला कोणी अपयश म्हटले असते काय? दोन मुलांना एका दिवशी एका तराजूत घातले आणि तो तराजू पुन्हा कोणी खाली ठेवलाच नाही.

खेळाडूचे स्वतःचे काही चुकतच नाही असे मी म्हणत नाही. सराव टाळणारा, शिस्त मोडणारा आपल्या कृतीचे फळ भोगतोच. पण "नशिबात नव्हते" किंवा "मागल्या जन्मीचे भोग" हे उत्तर दीक्षा घेतलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. आपण कारणे शोधली पाहिजेत, आणि ती सापडतात.

एक कारण तर शरीराचेच आहे. काही मुले वयात लवकर येतात. चौदा वर्षांखालील संघात असा मुलगा उंचीच्या आणि जोराच्या बळावर सर्वांना लोळवतो. त्याला कौशल्य शिकण्याची गरजच भासत नाही. अठराव्या वर्षी इतरांची शरीरे भरतात आणि त्याचा जोर एकाएकी सामान्य ठरतो. तो घसरलेला नसतो, बाकीचे वर आलेले असतात. वयाचे खोटे दाखलेही हेच करतात. (गुरुजींनी सरसकट एक जून लिहिलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको.) २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी होते, ती याचसाठी.

दुसरे कारण आपण मोठी माणसे. सोण नावाचा भिक्षू पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करीत राहिला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली : फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. सोणाने आपली तार स्वतः ताणली होती. चौदा वर्षांच्या मुलाची तार मात्र बाप, प्रशिक्षक, पुढारी आणि वर्तमानपत्रे पिळीत असतात. तुटली की दोष तारेला.

आणि ज्यांना उमलूच दिले नाही त्यांचे काय? पळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या मैदानावर नोकरी करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. हिंदू संघात आल्यावरही त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बारामतीच्या ज्या मैदानावर २०२० मध्ये रणजी सामना झाला, त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. तेथे आज आपला मुलगा चेंडू टाकू शकतो. दार उघडल्याचा हा आनंद खरा. पण म्हणूनच आपण त्या एका मुलाच्या पाठीवर साऱ्या समाजाचे ओझे चढवतो, हेही खरे.

२०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक झाला. आपला संघ तिन्ही सामने हरला. त्याच संघातल्या अन्वर अलीला २०१९ मध्ये हृदयाचा विकार निघाला आणि त्याचा खेळ थांबवण्यात आला. लोकांनी हळहळून विषय मिटवला. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, पुन्हा मैदानावर आला आणि २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातून खेळला. संपला असे ठरवायची आपल्याला केवढी घाई असते!

तेव्हा पालकहो, मुलाला तालमीत किंवा अकादमीत घालताना प्रशिक्षकाला विचारा की शाळेची वेळ कोणती, दुखापत झाली तर खर्च कोण करील, आणि निवड झाली नाही तर हा मुलगा सोमवारी कोणत्या वर्गात बसेल. आणि मुलालाही विचारा, त्याला खेळायला आवडते काय. हा प्रश्न घरात बहुधा कोणी विचारलेलाच नसतो.