आईबापांस आत घेणारा प्रभू

मनन : मार्क ५ : ३५–४३



याईराच्या घरी प्रभू पोहोचला, तेव्हा तेथे रडणाऱ्यांचा मोठा गलबला चालला होता. प्रभूने त्या गर्दीस बाहेर काढले; पण मुलीच्या आईबापांस मात्र आत बरोबर नेले. मग त्याने मुलीचा हात धरला. बारा वर्षांची ती मुलगी उठून चालू लागली, तेव्हा तिला काही खावयास द्या, असे सांगण्यासही तो विसरला नाही. उठविण्याचे सामर्थ्य सर्वस्वी त्याचे होते. त्यास आईबापांच्या साह्याची गरज नव्हती. तरी डोळे उघडताच त्या लेकरास ओळखीची मुखे दिसावीत, अशी त्याची दया होती, असे आम्हांस वाटते.

ही गोष्ट विद्वानांस समजण्यास फार काळ लागला. इंग्लंडातील कित्येक इस्पितळांत पूर्वी आईबापांस मुलांची भेट आठवड्यातून थोडाच वेळ मिळे. संसर्गाचे भय होतेच. शिवाय आई येऊन गेली की मूल रडते, तेव्हा तिने न आलेलेच बरे, असाही समज होता. जेम्स रॉबर्टसन ह्यांनी १९५२ साली आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट डॉक्टरांस दाखविला. आईपासून दुरावलेले मूल प्रथम आकांत करते, मग आशा सोडून गप्प बसते, आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरविते, असे त्यांनी अनेक मुलांत पाहिले होते. गप्प बसलेल्या मुलास लोक ‘रुळले’ असे म्हणत. वस्तुतः ते खचलेले असे. पुष्कळ डॉक्टरांस त्या वेळी राग आला. तथापि १९५९ साली सर हॅरी प्लॅट ह्यांच्या समितीने भेटीस वेळेचे बंधन नसावे व लहान मुलाजवळ आईस राहू द्यावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडे आई बहुधा खाटेजवळच असते, ही देवाची कृपा. पण दुखणे लांबले, म्हणजे तिलाही घरी परतावे लागते. तेव्हा काय करावे? येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. मांडीचे हाड मोडून, पायास वजन बांधून कित्येक आठवडे निजून असलेला एक मुलगा होता. तो झोपला म्हणजे निघून जा, रडणार नाही, असे आम्ही त्याच्या आईस सांगितले. तिने तसे केले. पुढे कित्येक रात्री तो मुलगा झोपेना. डोळा लागला की कोणी तरी निघून जाते, हे त्याने ओळखले होते. त्याचे अश्रू वाचविण्यास गेलो, आणि त्याची झोप घालविली.

म्हणून आईबापांनो, मुलाशी खरे बोला. जाताना सांगून जा, कधी येणार ते सांगा, आणि सांगितल्याप्रमाणे या. रडले तर रडू द्या. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा उशाशी ठेवा. उपदेशक बंधूंनो, वार्डाचे नियम पाळून ठरल्या वारी जा. घाईने प्रार्थना उरकून निघू नका. त्याच्या शेळीची, शाळेची, सोबत्यांची खबर सांगा, आणि त्याचे ऐका.

आणि मंडळीतील बाकीच्यांनो, तुमचे काम गावातच आहे. आई खाटेजवळून उठते ती बहुधा घरच्या पोरांसाठी, गुरांसाठी आणि बुडणाऱ्या मजुरीसाठी. तुमच्यापैकी एकीने तिची चूल पेटविली, एकाने गुरांस पाणी पाजले, सर्वांनी मिळून मूठमूठ धान्य दिले, तर ती आणखी आठ दिवस लेकराजवळ बसेल. इस्पितळाची पायरी न चढताही तुम्ही त्या लेकराचा हात धरिला, असे होईल.

ज्या प्रभूने आईबापांस आत घेतले, त्याच्या मंडळीने त्यांस बाहेर राहू देऊ नये. ह्या आठवड्यात आपल्या गावचे कोणते लेकरू इस्पितळात आहे, ह्याची प्रत्येक मंडळीने चौकशी करावी. आमेन.