जुनी गाडी आणि बाची रेंगी

माझी मारुती आठशे २००२ ची. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून घेतली होती. पंधरा वर्षांनी नोंदणी संपली, पाच वर्षांसाठी वाढवली. २०२२ च्या पावसाळ्यात पुन्हा मुदत आली तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. तेव्हाच अर्जुनीच्या मिस्त्रीने गाडीखाली आडवं पडून पत्रा बोटाने दाबला. बोट आत गेलं.

"गुरुजी, अठरा हजार लागतीन. भंगारात इकली त तेवढेच येतीन. आता तुमीच पाहा."

मी पाहत बसलो. हिशेब तसा सोपा आहे. आधी घातलेला पैसा मोजायचाच नाही; तो गेला. आता घालायचा पैसा किती आणि त्यातून आणखी किती वर्षं गाडी चालेल, एवढंच बघायचं. मुलगा नागपूरहून फोनवर हेच सांगत होता आणि त्याचं बरोबर होतं. तरी मन तयार होत नव्हतं. वीस वर्षं जिने वाहिलं तिला भंगारात कसं घालावं, असं वाटे. लोखंडाबद्दल कृतज्ञता बाळगावी का, हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण म्हातारा बैल कसायाला न देणाऱ्या घरात मी वाढलो.

बाची रेंगी होती. धान घरात आलं, महाशिवरात्र जवळ आली की तो ती सुताराकडे न्यायचा. प्रतापगडच्या यात्रेला तेव्हा गाड्याच गाड्या येत. कुणी महादेवाच्या पहाडीवर चढायचं, कुणी दर्ग्यावर, पुष्कळजण दोन्हीकडे. एका वर्षी आस बदलला, एका वर्षी धाव चढवली, मग आरे, मग जू. मी लहानपणी विचारलं होतं, "बा, आता ही तेच गाडी होय का?" बा म्हणाला, "बैलायले इचार."

पुढे 'मिलिंद प्रश्न' वाचताना हसू आलं. नागसेन राजाला हेच विचारतो: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? एकेक भाग रथ नव्हे. ते सारे जुळून आले म्हणजे आपण त्याला 'रथ' हे नाव देतो. मग मी निष्ठा ठेवत होतो ती कशाशी? नावाशी? की गावात "गुरुजीची गाडी" म्हणतात त्या शब्दांशी? शेवटचं कारण खरं असावं. रात्री दार वाजलं की मला आतून थोडं बरंच वाटायचं. १०८ ची गाडी दुसरीकडे गेलेली असली की लोक माझ्याकडे येत.

असंच एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मागे ती, तिची सासू आणि एक बाई. ब्रेकचं तेल महिनाभरापासून कमी होत होतं, हे मला ठाऊक होतं. मागच्या चाकाचं सिलिंडर गळत होतं. मी आठवड्याला डब्यात तेल ओतून वेळ निभावत होतो. दुरुस्ती करायची की गाडीच विकायची हे ठरेपर्यंत पैसे कशाला घाला, असा माझा शहाणपणा. उतारावर समोर म्हशी आल्या आणि पायडल तळापर्यंत गेलं. हँडब्रेक ओढला, दुसरा गिअर टाकला, पायडल दणादण दाबलं. गाडी शेवटच्या म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. मागून सासू म्हणाली, "का झाला जी?" मी म्हणालो, "काई नाई." दवाखान्यात वेळेत पोहोचलो. मुलगी झाली. मला पेढा दिला; तो घशाखाली उतरेना.

इतके दिवस खर्च म्हणून मी फक्त माझ्या खिशाकडे पाहिलं होतं. माझ्या चालढकलीची किंमत मागच्या सीटवरच्या बायांनी भरली असती, त्यांना न विचारता. बाची रेंगी मोडली तर बैल थांबत. मारुती थांबत नाही.

आमच्याकडच्या कोहळ्यांचे तलाव आठवतात. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. तलाव बांधला म्हणून टिकत नाही. पाळीवर माती टाकणारं कुणीतरी लागतं. आणि पाळ फुटली तर पाणी माती न टाकणाऱ्याच्याच बांधीत जातं असं नाही. खालच्या साऱ्यांच्या बांध्या जातात.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला म्हणालो, "आधी ब्रेक. चारही चाकांचे. सिलिंडर, पट्टे, पाइप, सगळं." पत्रा त्याने वेल्डिंग करून बसवला. इंजिन धूर टाकतं, ते राहू दिलं. पाच हजार भरले. एकूण हिशेबात मी तोट्यातच आहे, मुलगा अजून ऐकवतो. पण इंजिन अर्ध्या वाटेत बसलं तर गाडी ढकलता येते, म्हणून त्याच्यावर वाद घालायला मी तयार आहे, ब्रेकवर नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा रात्री दार वाजलं. मी टॉर्च घेऊन आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला पाहिलं, मग बसून पायडल तीनदा दाबलं. माणूस घाईत होता.

"काय पाहता गुरुजी, चाला ना!"

"थांब बाप्पा," मी म्हणालो, आणि चौथ्यांदा दाबलं.