भांड्यांची पाकी आणि घरातला सलोखा

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मुस्लिम घरांच्या मोरीकडे पाहिले तर भांडी धुण्याच्या किमान दोन रीती आढळतात. एका रीतीत भांडी राखेने किंवा पावडरीने घासून मोठ्या घमेल्यात बुडवून विसळतात, मग दुसऱ्या घमेल्यातील नितळ पाण्यातून काढून उपडी घालतात. दुसऱ्या रीतीत हे मुळीच चालत नाही. तेथे प्रत्येक भांड्यावर तीन वेळा पाणी ओतले जाते, आणि कित्येक घरांत तिसऱ्या पाण्याबरोबर कलमा पढला जातो. तीन पाणी पडले नाही तर भांडे ‘पाक’ झाले नाही, अशी तेथील थोरामोठ्यांची समजूत असते.

पहिल्या रीतीच्या घरातील मुलगी दुसऱ्या रीतीच्या घरात सून म्हणून येते तेव्हा हा भेद मोरीपुरता राहत नाही. ‘हिच्या माहेरी पाकी-नापाकीची समज नाही’ असे वाक्य एकदा उच्चारले गेले की ते वर्षानुवर्षे पुसले जात नाही. वाद भांड्याचा असतो आणि घाव माहेराच्या दीनदारीवर बसतो. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

बंधू-भगिनींनो, शरीअतमध्ये ‘नापाक’ आणि ‘अस्वच्छ’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे हुकूमही वेगळे आहेत. नापाक म्हणजे ज्यावर नजासत लागली आहे ते : लघवी, विष्ठा, वाहते रक्त, दारू, डुकराचा अंश, कुत्र्याची लाळ. अस्वच्छ म्हणजे ज्यावर मळ, तेल, चिकटा, खरकटे आहे ते. रात्रीच्या सालनाची देगची, वरणाची वाटी, भाताची परात ही सारी अस्वच्छ आहेत, नापाक नाहीत. जे अन्न आपण काही क्षणांपूर्वी बिस्मिल्लाह म्हणून हलाल आणि पाक समजून खाल्ले, त्याचाच उरलेला तवंग भांड्याला लागताच नापाक कसा होईल? तो धुवायचा तो स्वच्छतेसाठी, आरोग्यासाठी आणि पुढच्या माणसाला किळस येऊ नये म्हणून. त्याला ना तीनची संख्या लागू आहे, ना पाच-सातची. चिकटा निघाला, वास गेला, भांडे कोरडे झाले की काम झाले.

मग तीनची संख्या आली कोठून? ती हनफी फिकहमधून आली आहे, आणि तिचे स्थान तेथे अगदी योग्य आहे. डोळ्यांना न दिसणारी नजासत एखाद्या वस्तूला लागली असेल तर ती तीन वेळा धुवावी, म्हणजे मनाला खात्री पटते, असे आपल्या फकीहांनी सांगितले. दिसणारी नजासत असेल तर ती निघून जाणे एवढेच पुरे, मग ती एका पाण्याने निघो की चार पाण्यांनी. वाहत्या नळाखाली किंवा भरपूर पाणी ओतून धुतले आणि नजासत गेल्याची खात्री झाली तर मोजणीचीही अट उरत नाही. आरशासारख्या गुळगुळीत, छिद्र नसलेल्या वस्तूची नजासत पुसून काढली तरी ती पाक होते, इतकी सवलत याच हनफी ग्रंथांत आहे. आपल्या आजी-पणजींनी नजासतीचा हा नियम ऐकला आणि सावधगिरी म्हणून साऱ्याच भांड्यांना लावला. त्यांची नियत उत्तम होती. पण सावधगिरी ही स्वतःसाठी असते. ती दुसऱ्यावर फर्ज म्हणून लादता येत नाही आणि तिच्या आधारे कोणाच्या घराला नापाक ठरवता येत नाही.

कलम्याविषयीही एक शब्द. अल्लाहचे स्मरण कोणत्याही वेळी चांगलेच. हात कामात असताना जिभेवर जिक्र असणे तर फारच भाग्याचे. परंतु भांडे पाक होण्यासाठी कलमा पढणे ही अट कुरआनात नाही, हदीसमध्ये नाही आणि चारही इमामांच्या फिकहमध्ये नाही. नजासत पाण्याने जाते.

घमेल्यात विसळण्याच्या रीतीतही एक गोष्ट जपावी लागते. घमेल्यातले पाणी थोडे असते. त्यात एखादे खरोखर नापाक भांडे बुडवले, समजा लहान मुलाच्या लघवीचे शिंतोडे उडालेले, तर ते सारे पाणी नापाक होते आणि त्यात विसळलेली बाकीची भांडीही. असे भांडे बाजूला काढून वरून पाणी ओतून वेगळे धुवावे. एरवी घमेल्यातली भांडी पाक आहेत, त्यात नमाजी माणसाने शंका धरू नये. मात्र पहिल्या घमेल्याचे पाणी काळे-चिकट झाल्यावरही त्यातच विसळत राहणे हा आळस आहे, आणि पावसाळ्यात पोटाच्या आजारांना तेच आमंत्रण ठरते.

आता कुत्र्या-मांजरांचा प्रश्न, कारण आपल्या गावांतल्या अंगणात भांडी उघडी पडलेली असतात आणि हा प्रसंग रोजचा आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे आणि त्यांपैकी एकदा मातीने घासावे, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितला आहे. इमाम शाफई (रह.) यांच्याकडे हे सात वेळा धुणे आवश्यक आहे, तर आपल्या हनफी फकीहांनी तीन वेळा आवश्यक आणि सात वेळा पसंतीचे मानले. कोकणातील शाफई घरातली मुलगी वऱ्हाडातील हनफी घरात आली आणि असे भांडे सात वेळा धुऊ लागली, तर तिला हसू नये. तिच्यापाशी हदीसचा आधार आहे. उलट, हनफी सासरच्या तीन वेळांना तिनेही निष्काळजीपणा म्हणू नये.

मांजराची गोष्ट तर एका सासरा-सुनेचीच आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सूनबाई कब्शा त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतत होत्या. एक मांजर आले. हजरत अबू कतादांनी पाण्याचे भांडे त्याच्यासाठी कलते केले आणि ते पोटभर पाणी प्याले. सूनबाई आश्चर्याने पाहत राहिल्या. सासऱ्यांनी ते ओळखले आणि पुतणीला हाक मारावी तशा शब्दांत विचारले की तुला नवल वाटते काय? मग प्रेषितांचे म्हणणे सांगितले की मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. हनफी आलिमांनी मांजराच्या उष्ट्या पाण्याला, दुसरे पाणी असताना, हलकेसे नापसंत म्हटले आहे. पण नापाक म्हटलेले नाही. मसला सांगण्याचा सूर कसा असावा, तेही या घटनेत पाहावे. सून चुकते आहे असे वाटले तेव्हा सासऱ्याने आवाज चढवला नाही, तिच्या माहेराचे नाव काढले नाही. तिला आपलेसे म्हणून हाक मारली आणि आधार दिला.

पाण्याचा हिशोबही मांडून पाहू. सात माणसांच्या घरात दोन वेळची मिळून पस्तीस भांडी निघाली, आणि प्रत्येकावर तीन तांबे पाणी ओतले, तांब्या लिटरभराचा धरला, तर नुसत्या विसळण्याला 105 लिटर पाणी लागते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सात हंडे झाले. काटेपूर्णा, अडाण या नद्या याच जिल्ह्यात उगम पावतात. पण उगमाजवळच्या प्रदेशात नदी ओढ्याएवढीच असते आणि फाल्गुन-चैत्रात तिचे पात्र कोरडे पडते. मग बोअरवेल आटते, नळ काही दिवसांआड येतो, टँकरभोवती ड्रम लागतात. ते सात हंडे कोणाच्या डोक्यावरून येतात? बहुधा घरातल्या शाळकरी मुलीच्या किंवा त्याच सुनेच्या, जिच्या माहेरच्या घमेल्याला आपण नावे ठेवली. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ पाण्यात गुस्ल करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. एक मुद्द म्हणजे पाऊण ते एक लिटर पाणी, आणि चार मुद्द मिळून एक साअ. ज्या वुजूवर नमाज अवलंबून आहे तो एका तांब्यात होतो, तर ताटलीला तीन तांबे कशासाठी? उधळेपणा करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे, आणि पाण्याची उधळण त्यातून वगळलेली नाही.

पाणी वाचवण्याचा एक मार्ग तर जेवतानाच हाती असतो. ताट पुसून खावे, बोटे चाटावीत, अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, अशी शिकवण प्रेषितांनी दिली. या सुन्नतीवर चालणाऱ्या घरातले ताट मोरीत जाते तेव्हा अर्धे धुतलेलेच असते. आपल्याकडे लग्नाच्या दावतीत मात्र दस्तरखान उठल्यावर रकाब्यांत अर्धा-अर्धा पुलाव पडलेला दिसतो, आणि रात्री दोन वाजेपर्यंत देगा खरवडणाऱ्या माणसांच्या हाताची कातडी सोलते. जुन्या तांब्याच्या देगांना कल्हई करणारे आपले कारागीर आता फारसे दिसत नाहीत. जेथे अशा देगा अजून वापरात आहेत तेथे कल्हई उडालेल्या देगेत आंबट पदार्थ शिजवू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

भांडी कोणी धुवावीत, यावर आपण क्वचितच बोलतो. घरात असताना प्रेषित (स.) काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. इतर रिवायतींत आपली पादत्राणे शिवणे, कपडे टाकणे, शेळीचे दूध काढणे यांचा उल्लेख आहे. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना जात्यामुळे घट्टे पडले होते. त्यांनी पित्याकडे सेवक मागितला, तेव्हा प्रेषित स्वतः त्यांच्या घरी आले आणि झोपताना 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हमदुलिल्लाह व 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकवले. ही तस्बीह आपण स्त्रियांना आवर्जून सांगतो. हजरत अली (रजि.) यांनीही ती त्याच वेळी ऐकली आणि पुढे कधी सोडली नाही, हे मात्र सांगायचे राहून जाते.

रमजानमध्ये हा प्रश्न तीव्र होतो. इफ्तारची भांडी, जेवणाची भांडी, मग सहरीची भांडी. पुरुष तरावीहला मशिदीत पोहोचलेले असतात आणि घरातल्या स्त्रीची इशा मोरीतल्या ढिगाऱ्यामुळे मध्यरात्रीपर्यंत लांबते. मगरिब आणि इशा यांच्यामध्ये सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. त्यातली पंधरा मिनिटे घरातल्या दोन मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी मोरीत दिली, तर तिलाही वेळेवर मुसल्ल्यावर उभे राहता येईल.

भांडे फुटले तर काय? हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी प्रेषित (स.) असताना दुसऱ्या एका पत्नीने वाडग्यात अन्न पाठवले. ईर्षेच्या भरात वाडगा हातातून पडला आणि फुटला. प्रेषितांनी खाली वाकून तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न त्यात घेतले, उपस्थितांना एवढेच म्हटले की तुमच्या आईला ईर्षा वाटली. आणि फुटलेल्याच्या बदल्यात अखंड वाडगा परत पाठवला. नुकसान भरून दिले, अपमान केला नाही. आपल्या घरी सुनेच्या हातून काचेची कटोरी फुटते तेव्हा तिची किंमत किती दिवस ऐकवली जाते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

आणखी एक भांडे राहिले. कित्येक खात्यापित्या घरांत मोरीच्या कोनाड्यात किंवा खिडकीच्या कडेला एक कप वेगळा ठेवलेला असतो. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना त्यात चहा दिला जातो. आपल्या साऱ्या भांड्यांना त्यांचा हात चालतो, ओठ मात्र एकाही कपाला चालत नाहीत. कारण विचारले तर पाकीचे नाव पुढे केले जाते. माणसाचे उष्टे पाक आहे, मग तो मुस्लिम असो की नसो, स्त्री असो की पुरुष. तोंडाला त्या वेळी दारूसारखी नजासत लागलेली नसावी एवढेच. यावर हनफी आणि शाफई दोघेही एक आहेत. कुरआनने अनेकेश्वरवाद्यांना नजस म्हटले ते श्रद्धेच्या अर्थाने, शरीराच्या नव्हे, असे बहुसंख्य आलिमांनी स्पष्ट केले आहे. हजरत अबू सालबा (रजि.) यांनी ग्रंथधारकांच्या भांड्यांविषयी विचारले तेव्हा ती धुऊन वापरण्यास सांगितले गेले, कारण त्यांत डुक्कर शिजत असे आणि दारू प्यायली जात असे, त्यांच्या हातांमुळे नव्हे. एका प्रवासात पाणी संपले तेव्हा प्रेषित (स.) आणि साथीदारांनी एका अनेकेश्वरवादी स्त्रीच्या पखालींतले पाणी घेतले. ते सारे प्याले, एकाने त्यातून गुस्लही केला, आणि त्या स्त्रीला अन्न गोळा करून देऊन सन्मानाने पाठवण्यात आले.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह पाणी प्याले. त्या तळ्यावर मुसलमानांना कोणी अडवत नव्हते. आपल्या वऱ्हाडात घरोघरी भांडी घासायला येणाऱ्यांत बाबासाहेबांच्या अनुयायांच्या नाती-पणती आहेत. खिडकीतला तो कप आजच बाकीच्या कपांत मिसळून टाकावा, आणि उद्या सकाळी चहा ओतताना कोणता कप कोणाचा हे कोणालाच ओळखता येऊ नये.